मूळव्याधीचे मलम लावताना

श्रोतेहो, नमस्कार.

शुक्रवारी म्हापशाचा बाजार भरला की आमच्या फार्मसीतही गर्दी होते, आणि त्या गर्दीत एखादे गृहस्थ काउंटर मोकळा होण्याची वाट पाहत बाजूला उभे असतात. जवळपास कुणी नाही असे पाहून ते डॉक्टरांची चिठ्ठी पुढे सरकवतात, ट्यूब खिशात टाकतात आणि एक शब्दही न बोलता निघून जातात. मूळव्याधीचा हा संकोच मला समजतो. मात्र त्यापायी मलम कसे आणि किती दिवस लावायचे हे विचारायचे राहून जाते, याचे मला फार वाईट वाटते.

गुदद्वाराशी असलेल्या रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या सुजून खाली सरकतात, त्यांना आपण मोड किंवा कोंब म्हणतो. आतले मोड सहसा दुखत नाहीत, त्यांतून रक्त जाते. बाहेरचे दुखतात आणि खाजतात. मलमातले लिग्नोकेन ती जागा काही वेळ बधिर करते, हायड्रोकॉर्टिसोन सूज आणि खाज उतरवते, तर झिंक ऑक्साइडचा थर सोललेल्या त्वचेचे ओलाव्यापासून रक्षण करतो. काही मलमांत रक्तवाहिन्या आकुंचित करणारे फेनिलएफ्रिन असते, म्हणून रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी आधी डॉक्टरांना विचारावे. यांतले कोणतेही औषध मोड मुळापासून घालवत नाही. ते त्रासाचे दिवस सुसह्य करते, आणि तेवढ्यासाठीच ते वापरायचे असते.

शौचानंतर साबण न लावता कोमट पाण्याने ती जागा धुवावी. शक्य असेल तर टबात कोमट पाणी घेऊन 10 ते 15 मिनिटे बसावे, आणि मग न घासता मऊ कापडाने टिपून घ्यावे. मोड बाहेर असेल तर वाटाण्याएवढे मलम स्वच्छ बोटाने हलकेच पसरावे. आतल्या मोडासाठी ट्यूबसोबत छिद्रे असलेली एक नळी मिळते, जी कितीतरी लोक निरुपयोगी समजून खोक्यासकट फेकून देतात. ती ट्यूबवर फिरवून बसवावी, तिच्या टोकाला थोडे मलम लावावे, डाव्या कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन निजावे आणि जोर न लावता नळी आत सरकवून ट्यूब हलके दाबावी. नळी प्रत्येक वेळी धुऊन ठेवावी आणि ती ट्यूब घरात दुसऱ्या कुणाला देऊ नये.

हायड्रोकॉर्टिसोन असलेले मलम डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल तर 7 दिवसांपेक्षा जास्त लावू नये, कारण त्याने त्वचा पातळ होते. आपल्याकडच्या पावसाळ्यात, अंगावरचे कपडे दिवसभर दमट राहतात तेव्हा, खाज पुष्कळदा मोडाची नसून नायट्याची असते. अशा जागी हे मलम लावले तर दोन दिवस बरे वाटते आणि मग नायटा जांघेपर्यंत पसरतो. शौचाच्या वेळी काचेने कापल्यासारखी कळ येत असेल तर ती बहुधा चीर असते, आणि तिचे मलम निराळे असते.

मोडांवरचा ताण कमी व्हायचा तर शौच मऊ हवे. कोंड्याची पोई, नाचणीची आंबील, तांबडी भाजी, अळसांद्यांचे तोणाक हे आपल्या घरचेच अन्न आहे. ते भरपूर पाण्यासह घ्यावे आणि शौचालयात मोबाइल घेऊन बसणे सोडावे.

रक्त पहिल्यांदाच दिसले, शौच काळे झाले, वजन उतरू लागले किंवा आठवडाभरात उतार पडला नाही, तर दुसरी ट्यूब न घेता म्हापसा वा मडगावच्या जिल्हा रुग्णालयात किंवा बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात जाऊन तपासून घ्यावे. आतड्याच्या कर्करोगातही असेच रक्त जाऊ शकते.

आणि काउंटरवर गर्दी असेल, बोलायला जड जात असेल, तर चिठ्ठीच्या मागे ‘कसे लावू?’ एवढे दोन शब्द लिहून द्यावेत. मी बाजूला येऊन सांगेन.