डाव्यावर डावा

[दृश्य: सदाशिव पेठेतला कथकचा वर्ग, संध्याकाळ. नवशिक्या मुलीचे घोटे जवळून.]

ता थेई थेई तत्. आ थेई थेई तत्.

एकेका बोलाला एकेक पाय: उजवा, डावा, उजवा, डावा. आणि मग पुन्हा डावाच. नव्या मुलीची गडबड होते ती नेमकी इथे. 'तत्' डाव्या पायावर पडतो आणि लगेचचा 'आ'सुद्धा डाव्यावर. पाय घाई करतो, पुढचे सगळे बोल मात्रेच्या, म्हणजे तालाच्या ठोक्याच्या, आधी पडतात, आणि ती बिचारी शेवटच्या 'तत्'मध्ये चूक शोधत बसते.

कथक गुरू रोहिणीताई भाटे यांनी १९४७ साली पुण्यात नृत्यभारती ही नृत्यसंस्था सुरू केली. ही अडचण तेव्हाच्या मुलींनाही आलीच असणार. आता घोट्याला एक छोटा सेन्सरही बांधता येतो.

[दृश्य: पट्ट्यातली डबी, शेजारी मोबाइलवर आलेख.]

आत वेगातला बदल टिपणारा अ‍ॅक्सेलरोमीटर आणि वळणं टिपणारा जायरोस्कोप, आपल्या मोबाइलमध्ये असतात तेच. पाय जमिनीवर आपटला की त्याचा वेग क्षणात संपतो आणि आलेखावर टोकदार सुळका उठतो. खाली तीनताल या तालाच्या १६ मात्रांच्या रेघा. सुळका रेघेच्या अलीकडे की पलीकडे, एवढंच बघायचं.

मग साधा माइक का नको? कारण पाय थांबला तरी घुंगरं क्षणभर वाजत राहतात, आणि वर्गात एकटीचेच पाय नसतात.

काही पट्टे चुकल्यावर थरथरतात. मला ते फारसं पटत नाही. मिनिटाला ६० मात्रांची लय धरली, तर चौगुनीत, म्हणजे एका मात्रेत चार बोल घेताना, पाव सेकंदाला एक पाय पडतो. थरथर जाणवून पाय सावरावा, तोवर तो पुढच्या बोलावर गेलेला असतो. शिवाय दर चुकीला कुणी टोकत राहिलं, की शिकणारा त्या टोकण्यावरच विसंबतो. टोकणारा गेला की चूक परत हजर. त्यापेक्षा तालाची चार आवर्तनं, म्हणजे चार पूर्ण फेरे, निमूट करू द्यावीत, आलेख नंतर दाखवावा.

[दृश्य: वर्गात शिकवणाऱ्या ताई आणि मुलगी मोबाइलवर वाकलेल्या.]

"ताई, पाचवी मात्रा आता बरोबर पडतेय ना?"

"मात्रेवर पडतेय गं. पण तळवा पुरता टेकत नाहीये, नुसता चवडा वाजतोय. हे तुझ्या डबीला कळलं का?"

घोट्यावरच्या एका सेन्सरला ते सहजी कळत नाही. तळव्याखाली दाब मोजणारे सेन्सर बसवता येतात, पण कथक अनवाणी करायचं असतं.

"घुंगरं सोडून ठेव. ठायमध्ये, संथ लयीत, परत कर, आणि तळवा ऐकू येऊ दे मला."