नळी, गुडघा आणि नाव सोनुबाई

मंडळी, आधीच सांगतो, मी गुडघ्याचा डॉक्टर नाही. मी आयुष्यभर मेडिकल कॉलेजात ॲनाटॉमी शिकवली, म्हणजे माझ्या पेशंटनी कधी तक्रार केली नाही. (हशा) फळ्यावर सेक्रेटरी साहेबांनी 'अस्थिमज्जा' असा भारदस्त शब्द लिहिलाय, तर ती म्हणजे रविवारच्या मटणातली नळी. आम्ही पाच भावंडं आणि नळ्या दोन, त्यामुळे ताटावर ती ठोकायचा मान कुणाचा यावर महाभारत व्हायचं आणि दर वेळी जिंकायची आमची अक्का. शाकाहारी मंडळींनी माफ करा, पण आजची गोष्ट अक्काचीच आहे.

अक्का आता बहात्तरची. गुडघे झिजलेत, जिना उतरताना कठड्याला धरून आडवी आडवी उतरते, इथे बऱ्याच जणांना माहितीये ते कसं असतं. कुणीतरी तिला एका क्लिनिकचं नाव सांगितलं, ते कुठलं ते मी सांगणार नाही. तिथे भिंतीवर चित्र होतं, झिजलेल्या सांध्यात हिरवा कोंब फुटतोय! पेशींचं बी पेरायचं आणि सांध्यातली झिजलेली गादी उगवणार. अक्काचं माहेर शेतकऱ्याचं, तिला पटलंच ते. मला न विचारता गेली, कारण मी 'उगाच फाटे फोडतो'. कमरेच्या मागच्या हाडात सुई घालून मज्जा ओढली, मशीनमध्ये फिरवली, त्याच दिवशी डाव्या गुडघ्यात इंजेक्शन. पैसे किती गेले ते अजून सांगत नाही, म्हणजे बरेच गेले असणार.

सहा महिन्यांनी फोन, काय रे, गुडघा बरा आहे. मी म्हटलं, कुठला? म्हणे, दोन्ही. अगं पण उजव्याला तर काहीच केलं नव्हतं ना? तर म्हणे, शेजारधर्म असतो. (हशा) हसू नका, त्या उजव्या गुडघ्याकडे परत यायचंय मला.

तर माझं भांडण आहे ते नावाशी. साठ-सत्तरच्या दशकात मॉस्कोमध्ये फ्रिडेनस्टाइन नावाच्या शास्त्रज्ञाने दाखवलं की मज्जेत रक्त तयार करणाऱ्या पेशींशिवाय अजून एक जात असते, काचेला चिकटून वाढते आणि हाड बनवू शकते. १९९१ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलंडच्या अर्नोल्ड कॅप्लन यांनी त्यांना मेझेनकायमल स्टेम सेल हे नाव चिकटवलं, मराठीत मूळपेशी. आता मूळ म्हटलं की कोंब आलाच! गंमत बघा, याच कॅप्लन साहेबांनी २०१७ मध्ये जाहीर लिहिलं की बाबांनो, नाव बदला, या पेशी स्वतः उगवणाऱ्या नाहीत, आजूबाजूच्यांना सिग्नल देणाऱ्या आहेत. म्हणजे बारसं करणाऱ्यानेच सांगितलं, नाव सोनुबाई हाती कथलाचा वाळा.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं. आणि मुख्य विषय आत्ता सुरू होतोय. बरं, पळवतो.

गुडघ्यातली कूर्चा, म्हणजे आपली गादी, दोन-चार मिलिमीटर जाड असते, तिला रक्तवाहिनी नाही आणि नसही नाही, त्यामुळे ती झिजते तेव्हा कळत नाही आणि झिजली की भरूनही येत नाही. दुखतं ते खालचं हाड आणि सांध्याचं सुजलेलं अस्तर. मज्जेतल्या या पेशी गादी बनवू शकतात, पण लॅबमध्ये, लाड करून. सांध्यात सोडल्या की बहुतेक फार दिवस टिकत नाहीत, जाता जाता रसायनं सोडून सूज शांत करतात. थोडक्यात गवंडी नाहीत, भांडण मिटवणारे पंच आहेत. त्यातही सुईने काढलेल्या मज्जेत १० हजार ते १ लाख पेशींमागे अशी एखादीच सापडते. अक्काला काय मिळालं, बाकी वरण आणि एक शेंग.

आता उजवा गुडघा. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या मोठ्या हॉस्पिटलने २०१७ मध्ये छापलेला प्रयोग आहे, २५ माणसं, प्रत्येकाचे दोन्ही गुडघे दुखणारे, एका गुडघ्यात त्यांचीच मज्जा आणि दुसऱ्यात नुसतं सलाईन. दुखणं दोन्ही गुडघ्यांचं कमी झालं, जवळपास सारखंच! अक्काचा शेजारधर्म. २०२३ मध्ये त्याहून मोठा अभ्यास आला, साधारण पावणेपाचशे लोकांचा, तीन तऱ्हेच्या पेशी एकीकडे आणि साधं स्टिरॉइडचं इंजेक्शन दुसरीकडे, वर्षभराने पेशी काही पुढे गेल्या नाहीत.

मग सगळं खोटं का, तर तसंही नाही. आपल्या बंगळुरूमध्ये दात्यांच्या मज्जेतून लॅबमध्ये वाढवलेल्या पेशींचं औषध तयार झालं, एका डोसात अडीच कोटी पेशी, मोजून. १४६ पेशंटवर चाचणी झाली, खोट्या इंजेक्शनपेक्षा दुखणं जास्त कमी झालं आणि २०२२ मध्ये सरकारी परवानगी मिळाली. पण हे मोजून वाढवलेलं औषध वेगळं आणि अक्काच्या कमरेतून ओढून तासाभरात टोचलेलं वेगळं, क्लिनिकवाले दोघांना एकाच नावाने विकतात, म्हणून तर मी नावावर एवढा वेळ—

हो हो, चहा आलाय, बघितलं मी. अक्काचं राहिलं. वर्षभराने दोन्ही गुडघे परत दुखायला लागले. मांडीचे व्यायाम सांगितलेत, करत नाही. परवा विचारत होती, अरे, आता नुसती नळी खाल्ली तर?