तानपुऱ्यातला गंधार आणि बीएचं वेळापत्रक

श्रोतेहो, नमस्कार.

बारावीचा निकाल लागला की ठाणे-कळव्यात, वाशी-नेरुळमध्ये घरोघरी प्रवेशाची खलबतं सुरू होतात. त्यात एखादी मुलगी म्हणते, "मला तत्त्वज्ञान घ्यायचंय आणि गाणंही सोडायचं नाही." घरचे एकमेकांकडे बघतात. एका विषयाने पोट भरेल की नाही याची धास्ती, इथे तर तसले दोन! आजचं बोलणं अशा मुलामुलींसाठी आहे. घरच्यांनी शेजारी बसून ऐकलं तरी हरकत नाही.

हे दोन विषय एकमेकांना भेटतात कुठे? तानपुरा घ्या. चार तारा. बहुतेकदा पंचम (प), मग षड्जाची (सा) जोडी आणि शेवटी खर्ज, म्हणजे खालचा सा. घोडीवर प्रत्येक तारेखाली सुती दोरा असतो, जवारीचा. तो बोटाने केसभर सरकवत जा. एका जागी तार बोथट बोलते, जरा पुढे गेलात की एकदम खुलते. आता कान लावून बसलात, तर खर्जाच्या तारेतून गंधार, म्हणजे ग, ऐकू येतो. गंधाराची तार लावलेलीच नाही, तरी तो आहे! भौतिकशास्त्रवाला सांगेल, मूळ कंपनाच्या पाचपट वेगाचं ते कंपन. अगदी बरोबर. पण नवशिक्याला तो कितीतरी दिवस सापडत नाही आणि गुरुजींना खोलीत पाऊल टाकताच सापडतो. मग गंधार तारेत आहे की कानात? कोणी ऐकला नव्हता, तेव्हा तो होता का?

यावर आपल्याकडे जुनं भांडण आहे. मीमांसक, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणारे, म्हणाले, शब्द नित्य आहे, म्हणजे कायमचा असतो, उच्चाराने तो फक्त प्रकट होतो. नैयायिक, म्हणजे तर्कशास्त्रवाले, म्हणाले, छे, शब्द हा आकाशाचा गुण, तो उत्पन्न होतो आणि नाश पावतो. वर्गात हे भांडण दहा मार्कांपुरतं पाठ केलं जातं. मांडीवर तानपुरा घेतलेल्या मुलीला मात्र त्यात बाजू घ्यावीशी वाटेल.

तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. पहिल्याच अध्यायात, स्वर-श्रुतींचा हिशेब मांडण्याआधी, तो नादाबद्दल बोलतो आणि माणसाचं शरीर कसं घडतं तेही सांगतो. गाणाऱ्याचं वाद्य म्हणजे शेवटी शरीरच. हे गृहस्थ नोकरी करत होते दरबारच्या हिशेबखात्यात. 'पुढे काय करणार?' असं विचारणाऱ्या काकांना हे जरूर सांगा.

आता ज्या आकाशवाणीची ओळख घरोघरी आहे, तिचाच एक किस्सा. १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली. १९७१मध्ये ती सैल झाली. आक्षेप काय होता, तर पेटीचे सूर ठोकळ, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरणं) निघत नाही, श्रुती, म्हणजे सुरांमधली बारीक अंतरं, हाती लागत नाहीत. तिकडे ग्रीसमध्ये प्लेटोनेही आपल्या आदर्श राज्यातून रडवे आणि आळसावणारे स्वरमेळ बाहेर काढले होते. सूर चांगला की वाईट हे कोणी ठरवायचं, गवयाने, श्रोत्याने की सरकारने? एवढ्या एका प्रश्नावर सौंदर्यशास्त्र, नीतिशास्त्र आणि राजकीय विचार असे तीन पेपर एकत्र वाचता येतात.

असो. प्रत्यक्ष आखणीचं बोलू. माझं मत सरळ आहे: मेजर, म्हणजे मुख्य विषय, तत्त्वज्ञान घ्या, गाणं गुरूकडे चालू ठेवा. तत्त्वज्ञानाला समोर वाद घालणारी माणसं लागतात, ती वर्गात मिळतात. गळा मात्र पंचवीस-तीस जणांच्या तुकडीत तयार होत नाही. मुलींना संगीताचीच पदवी हवी असेल, तर एसएनडीटी महिला विद्यापीठाचा पर्याय आहे. मग तत्त्वज्ञान मायनरमध्ये, म्हणजे दुय्यम विषय म्हणून, मिळतं का, ते बघावं लागेल.

गाण्याच्या बाजूला शिस्त हवी म्हणून अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा उपयोगी पडतात. मंडळाची वास्तू वाशीतच आहे. प्रारंभिक, प्रवेशिकेच्या दोन, मध्यमाच्या दोन, मग विशारद प्रथम आणि पूर्ण. बारावीपर्यंत मध्यमा पूर्ण झाली असेल, तर पदवीबरोबर विशारद होऊ शकते. फक्त विद्यापीठाची सहामाही आणि मंडळाचं सत्र एकाच आठवड्यात येणार नाही, एवढं कॅलेंडर आधीच उघडून बघा.

नव्या शैक्षणिक धोरणात व्याख्यानाच्या एका क्रेडिटला पंधरा तास आणि प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला तीस तास धरतात. घरचा रियाज यात कुठेच मोजत नाहीत. म्हणून वेळापत्रक लिहायला बसाल तेव्हा पहिली ओळ रियाजाची लिहा, लेक्चरं त्यानंतर. ठाण्याहून वाशीला शिकवणीला जाणाऱ्यांनी ट्रान्स-हार्बरचा वेळ वाचनासाठी ठेवावा. गर्दीत तानपुरा नेता येत नाही, शांकरभाष्यही उभ्याने वाचवत नाही, पण टिपणं चाळता येतात.

संस्कृत पहिल्या वर्षीच धरा, थोडं का होईना. तिसऱ्या वर्षी सुरू केलं तर रसाचा विचार मांडणारा संस्कृत पंडित अभिनवगुप्त कायम दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा लागतो. चौथं वर्ष संशोधनाचं घेणार असाल, तर विषयाची वही आत्तापासून घाला. पंडित राम मराठे संगीत महोत्सवाला गेलात, तर घरी येऊन दोन पानं लिहा: नेमकं काय आवडलं, आणि शेजारच्याला का नाही आवडलं.

आणि प्रवेश घेताना कॉलेजच्या खिडकीवर तीन गोष्टी तोंडी नव्हे, छापील कागदावर बघून घ्या. तत्त्वज्ञान तिसऱ्या वर्षापर्यंत खरंच शिकवतात, की मुलं कमी पडली म्हणून मध्येच बंद करतात? मायनरच्या यादीत काय काय आहे? ओपन इलेक्टिव्ह (आपल्या शाखेबाहेरचा ऐच्छिक विषय) किंवा भारतीय ज्ञानप्रणालीत संगीताचा पेपर आहे का, आणि तो शिकवायला माणूस नेमलाय का? तिसऱ्या प्रश्नावर खिडकीतली व्यक्ती आत विचारायला जाईल. थांबा तिथेच.

नमस्कार.