दफ्तर वाढलं, लॅपटॉप भरला

(मोडी वाचकांच्या वर्गात, पुण्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

आधी एक हिशेब मांडते. ए-फोर आकाराचा एक कागद ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० बिंदू धरून, रंगीत स्कॅन केला की त्याचे साधारण साडेतीन कोटी बिंदू होतात. एका बिंदूला तीन बाइट लागतात. म्हणजे एका कागदाची टिफ, म्हणजे न दाबलेली, फाइल १०० एमबीच्या थोडी वरच जाते आणि हजार कागदांना १०० जीबी लागतात. आपल्यातल्या अनेकांच्या लॅपटॉपमध्ये २५६ जीबीची डिस्क आहे आणि त्यातला बराच भाग विंडोजनं आधीच घेतलेला आहे. आजोळच्या माळ्यावरचे दोन रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सोडून स्कॅन केले की संपली जागा.

मागच्या आठवड्यात वर्गातल्या एका काकांचा फोन आला. लॅपटॉप "डिस्क फुल" म्हणतोय, तर जुने स्कॅन दाबून जेपीईजी करून टिफ उडवू का, असं ते विचारत होते. मी म्हटलं, काका, हात लावू नका. बोरूची शाई जिथं उडाली आहे तिथला पुसट फराटा दाबलेल्या फाइलमध्ये सगळ्यात आधी हरवतो, आणि तेच अक्षर लागत नसल्यामुळे आपण चार-चार दिवस एका ओळीवर अडतो. जागा कमी पडली तर जागा वाढवायची, कागद कमी करायचा नाही. त्यासाठीच आज इथं उभी आहे.

दुकानात जाण्याआधी लॅपटॉपमध्ये काय बसतं ते पाहा. खाली चिकटवलेल्या पट्टीवर मॉडेल नंबर असतो. तो घेऊन कंपनीच्या साइटवरचं सर्व्हिस मॅन्युअल उघडा. दहा-बारा वर्षं जुन्या मशिनात बहुधा अडीच इंची साटा डिस्क असते (साटा ही डिस्क जोडायची जुनी पद्धत), आणि तिथं जाडी बघावी लागते. काहींत साडेनऊ मिलिमीटरची बसते, काहींत सातचीच. अलीकडच्या मशिनात च्युइंगमच्या कांडीसारखी चपटी पट्टी असते, तिला एम-डॉट-टू म्हणतात. पट्टीवर २२८० लिहिलेलं असेल तर ती २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब.

इथं लोक फसतात. एकाच आकाराच्या पट्ट्या जोडणीच्या दोन जातींच्या असतात, साटा आणि तिच्याहून वेगवान एनव्हीएमई. काही लॅपटॉपना दोन्ही चालतात, काहींना एकच. पट्टी खाचेत नीट बसते, स्क्रूही लागतो, आणि मशीन तिला ओळखतच नाही. म्हणून मॅन्युअलमधली ती ओळ वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. काही पातळ लॅपटॉपमध्ये तर स्टोरेज बोर्डावरच डागलेलं असतं. तिथं बदलण्यासारखं काही नाही, बाहेरची डिस्क लावणं एवढाच मार्ग.

फिरत्या चकतीची जुनी हार्डडिस्क सेकंदाला साधारण १०० एमबी वाचते, म्हणजे आपला एक कागद. साटा एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क, तेवढ्याच वेळात पाच कागद उघडते. रुमालातले चाळीस कागद शेजारी शेजारी लावून हस्ताक्षर जुळवणाऱ्याला हा फरक पहिल्याच संध्याकाळी कळतो. ज्यांच्या जुन्या लॅपटॉपात डीव्हीडी ड्राइव्ह आहे, त्यांना माझा आग्रहच आहे: तो काढून त्या जागी कॅडी बसवा. कॅडी म्हणजे डिस्क धरणारी चौकट. मूळ जागी एसएसडी, कॅडीत जुनी हार्डडिस्क. तापकीर गल्लीत विचारलंत तर कॅडी, बाहेरची केस, बारीक स्क्रूड्रायव्हर सगळं सांगतील, पण ड्राइव्हची जाडी मोजून जा.

एक टीबीची डिस्क लावल्यावर विंडोज ९३१ जीबी दाखवतं. ती फसवणूक नव्हे. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. खरी फसवणूक वेगळी आहे. फार स्वस्तात "दोन टीबी" म्हणून विकलेल्या काही डिस्कमध्ये आत अगदी थोडी जागा असते, ती भरली की पुढचं नुसतं लिहिल्यासारखं भासतं. म्हणून नवी डिस्क आणली की एचटूटेस्टडब्ल्यू हा मोफत प्रोग्रॅम चालवा. तो डिस्क काठोकाठ भरतो आणि परत वाचून पडताळतो. रात्र जाऊ दे त्यात.

आता क्लोनविषयी, म्हणजे एक डिस्क जशीच्या तशी दुसरीवर उतरवण्याविषयी, आणि हे मला जड जाणार आहे.

काही वर्षांपूर्वी पेठेतल्या एका वाड्यातले कागद मी तीन महिने जाऊन स्कॅन केले होते. वाडा पाडायचा ठरला होता. डिस्क भरली, तिची प्रत ठेवायची म्हणून तेवढ्याच आकाराची, ५०० जीबीची दुसरी आणली, दोन्ही जोडल्या आणि क्लोन लावला. "कुठून" आणि "कुठे" यांत माझी अदलाबदल झाली. रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर सेक्टरला सेक्टर उतरली. मी वाड्यावर धावले, तर घर रिकामं करताना कागद रद्दीत गेले होते. त्यातल्या एका वहीत दुष्काळाच्या साली कुणाला किती धान्य उसनं दिलं याची नोंद होती. ती मी वाचली होती, उतरवून घेतली नव्हती.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. आधी सगळे स्कॅन तिसऱ्याच डिस्कवर कॉपी करते, त्यातल्या पंचवीस-तीस फाइल उघडून बघते आणि ती डिस्क मशीनपासून तोडून बाजूला ठेवते. मग दोन्ही डिस्कच्या पाठीवरचे सिरियल नंबर कागदावर लिहिते, आणि स्क्रीनवर दिसणाऱ्या नंबरांशी ताडून मगच क्लोनचं बटण दाबते. बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, चालू असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की आधीच लिहून ठेवा. डिस्क बदलल्यावर मशीन ती मागू शकतं. क्लोननंतर जागा जुन्याइतकीच दिसली तर घाबरू नका, उरलेली "अनअलोकेटेड", म्हणजे न वाटलेली, पडलेली असते, ती विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन जोडायची.

काढलेली जुनी डिस्क लगेच फॉरमॅट मारू नका. केसमध्ये घालून सहा महिने तशीच ठेवा. कपाटात ठेवायची प्रत मात्र हार्डडिस्कवरच असू दे. एसएसडी वर्षानुवर्षं विजेविना पडली तर तिच्यातला विद्युतभार हळूहळू झिरपतो. आणि ती प्रत दुसऱ्या घरी हवी. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. वरच्या खोलीतली पेटी आणि खालच्या खोलीतली पेटी यांतला फरक ज्यांनी तो दिवस पाहिला त्यांना विचारा. एक डिस्क कोथरूडला, तर दुसरी हडपसरच्या मुलीकडे असू दे.

आता मशीन उघडू. बॅटरी काढता येत असेल तर आधी ती, नाहीतर बोर्डावरचा तिचा कनेक्टर सोडवायचा. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, म्हणून कोऱ्या कागदावर लॅपटॉपचा आकार काढून ते जागच्या जागी ठेवायचे. या, टेबलाभोवती या. काकांचाच लॅपटॉप आहे. झाकण निघत नसेल तर रबरी पायाखाली बघा, एक स्क्रू तिथं लपलेला असतो.