टेबलाच्या खणातली साखर

नमस्कार श्रोतेहो. शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याला मधुमेह आहे, हे आपल्याला बहुतेक वेळा माहीत असतं. पण काम करता करता त्याची साखर उतरली तर काय करायचं, हे माहीत नसतं. त्या क्षणी त्यालाच विचारून उपयोग नाही. मेंदूलाच साखर पुरत नसते, त्यामुळे तो "मला काही झालेलं नाही" असंच म्हणणार, तेही चिडून. हे बोलणं आधीच, एखाद्या निवांत दिवशी व्हायला हवं.

मीटिंग लांबते, जेवण तासभर पुढे जातं आणि इन्सुलिन मात्र वेळेवर घेतलेलं असतं. नेहमीचा घोळ हाच. मग कपाळावर घाम येतो, बोटं थरथरतात, साधी बेरीज चुकते. रक्तातली साखर दर 100 मिलीमागे 70 मिलिग्रॅमच्या खाली गेलेली असेल तर लगेच 15 ग्रॅम साखर पोटात जायला हवी. म्हणजे चहाचे तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून, किंवा साधारण 150 मिली फळांचा गोड रस. साखर मोजायचं यंत्र हाताशी नसेल तर तपासणीसाठी थांबू नका. "हवं का?" असंही विचारत बसू नका, पेला हातात द्या आणि "आधी हे पी" म्हणा. 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. आकडा वर आला नसेल तर तेवढीच साखर परत द्या.

इथे दोन चुका हमखास होतात. कुणी चॉकलेट देतं, पण त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात उशिरा पोचते. कुणी घाईत शुगर-फ्री पेय उघडतं, त्यात तर साखरच नसते! आणि माणूस बेशुद्ध असेल किंवा त्याला गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. कुशीवर वळवायचं आणि रुग्णवाहिका बोलवायची.

ऑफिसच्या फ्रिजमध्ये इन्सुलिन ठेवत असाल तर बर्फाच्या कप्प्यापासून लांब ठेवा. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर चांगलं दिसलं तरी टाकूनच द्यायचं असतं. डब्यावर नाव लिहा, नाहीतर सफाईच्या दिवशी तो शिळ्या डब्यांबरोबर जातो.

मधुमेहासारखंच इतर आजारांचं. सहकाऱ्याला फिट आली तर पहिलं काम घड्याळ बघण्याचं. खुर्च्या बाजूला सारा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, हातपाय दाबून धरू नका, दातांत चमचा घालू नका. झटके थांबले की कुशीवर वळवा. पाच मिनिटं उलटली तरी झटके चालूच असतील तर रुग्णवाहिका. दम्याच्या सहकाऱ्याला आडवं करू नका, ताठ बसवा आणि त्याचा तातडीचा इनहेलर त्याच्या हातात द्या. खोलीत सुगंधी स्प्रे मारण्याची हौस असेल तर ती आवरलेली बरी.

हे सगळं एका कागदाच्या चार ओळींत मावतं: काय दिसेल, काय करायचं, काय करायचं नाही, कुणाला फोन करायचा. आजाराचं नाव लिहिलंच पाहिजे असं नाही. तो कागद कुणाला दाखवायचा, हे ज्याचा आजार त्यानेच ठरवायचं. प्रत्येक पाळीत दोघांना माहीत असावं, कारण एकालाच माहीत असलं की नेमका त्याच दिवशी तो रजेवर असतो.

सांधेदुखीसारख्या आजारात आणीबाणी नसते, रोजचा रेटा असतो. संधिवातात सकाळी बोटं आखडलेली असतात. टायपिंगचं काम दुपारी ठेवून सकाळचे फोन त्याच्याकडे दिले तर अदलाबदल बरोबरीची होते, उपकाराची भाषा लागत नाही. रोज "आज कसं वाटतंय?" विचारण्यापेक्षा "ही फाइल मी संपवतो, तू तो फोन घे" हे जास्त कामाचं. आणि ऐकीव औषधं कृपा करून सुचवू नका, ती त्याने आधीच दहा जणांकडून ऐकलेली असतात.

राहिली अशा वेळेसाठी टेबलाच्या खणात ठेवलेली साखर. ती महिन्यातून एकदा उघडून बघा. मुंग्या लागलेल्या असतात, नाहीतर कुणीतरी ती चहात घालून संपवलेली असते.