निळे कुत्रे आणि पाण्याच्या रंगाचे मोजमाप

श्रोतेहो, नमस्कार. ऑगस्ट २०१७ मध्ये नवी मुंबईजवळच्या तळोजा औद्योगिक वसाहतीत निळे कुत्रे हिंडताना दिसले, ही हकिकत सांगण्याचा मोह मला आजही आवरत नाही. अन्नाच्या शोधात एका कारखान्याच्या आवारात शिरलेली ती भटकी जनावरे तिथल्या रंगाने माखून बाहेर पडत होती. त्यांची छायाचित्रे प्राणीमित्रांनी टिपली आणि बघता बघता ती जगभर पोहोचली. प्रदूषण नियंत्रण मंडळाने तो कारखाना बंद करायला लावला. वसाहतीला लागून वाहणाऱ्या कासाडी नदीच्या पाण्याविषयी स्थानिक कोळी बांधव मात्र त्याआधीपासूनच तक्रारी करत होते. माणसांच्या तक्रारीपेक्षा कुत्र्यांचा रंग लवकर दिसावा, हे मला अजूनही खटकते. त्यातही एक उणीव होतीच, कारण एका छायाचित्रात कुत्रा फिकट दिसे, तर दुसऱ्यात गडद. रंग लागला हे कळत होते. किती, ते कळत नव्हते.

नदीच्या पाण्यापुरते तरी हे ‘किती’ फोनने अंदाजे मोजता येते. आतून पांढऱ्या असलेल्या बंद खोक्यात एकच एलईडी दिवा लावावा, एकाच मापाची काचेची बाटली ठेवावी आणि फोनची जागा मुळीच हलवू नये. कॅमेऱ्याचे आपोआप होणारे बदल बंद करावेत. छायाचित्र देखणे करण्याच्या नादात हे फोन खरा रंगच बिघडवतात आणि लग्नाच्या फोटोंतही मला ते रुचत नाही. आधी बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरचे, मग मिथिलीन ब्लू या निळ्या रंगद्रव्याच्या ठाऊक प्रमाणाच्या द्रावणांचे आणि शेवटी गाळ खाली बसलेल्या नदीच्या पाण्याच्या नमुन्याचे छायाचित्र घ्यावे. निळे पाणी लाल प्रकाश शोषते, म्हणून छायाचित्रातल्या लाल, हिरव्या, निळ्या रंगांचे आकडे दाखवणाऱ्या ॲपमध्ये लाल रंगाचा आकडा पाहावा. पुन्हा सांगतो, पाणी निळे असेल तर आकडा लाल रंगाचा. ठाऊक द्रावणांच्या आकड्यांचा आलेख काढून नमुन्याचा आकडा त्यावर बसवला, की निळेपणाची तीव्रता त्या द्रावणांच्या मापात समजते.

रंग नेमका कोणता, हे यातून कळणार नाही; दोन-तीन रंग मिसळलेले असतील, तर ते सुटे करता येणार नाहीत. त्यासाठी प्रयोगशाळाच हवी. परंतु त्याच ठिकाणी, त्याच वेळी, दर आठवड्याला मोजलेल्या आकड्यांची तारखांसह ठेवलेली वही असेल, तर नमुना कोणत्या दिवशी घ्यायचा, हे मंडळाच्या अधिकाऱ्यांना सांगता येते.