दक्षिण ध्रुवाच्या बर्फातून दिसणारं आपलं आकाश

[पडद्यावर: हिवाळ्यातली रात्र, वर मृग नक्षत्र, मागे राजहंसगड]

नमस्कार मंडळी! येळ्ळूरच्या राजहंसगडाजवळ उभी आहे, आणि मृग नक्षत्र चांगलंच वर आलंय. त्याच्या खांद्याजवळ एक जागा आहे. नुसत्या डोळ्यांना तिथं काही दिसत नाही. पण त्या दिशेनं आलेल्या एका कणाची खूण 22 सप्टेंबर 2017 ला दक्षिण ध्रुवाच्या बर्फात पुरलेल्या आइसक्यूब नावाच्या दुर्बिणीला सापडली. तो कण होता न्यूट्रिनो.

आधी तळहात आडवा धरा बघू. दर सेकंदाला एक-दोन म्युऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनचे जड भाऊबंद, त्यातून आरपार जातायत. अवकाशातून वैश्विक किरण येतात, म्हणजे मुख्यतः प्रोटॉन. ते हवेच्या वरच्या थरांवर आदळले की म्युऑनही तयार होतात आणि न्यूट्रिनोही. 1912 साली व्हिक्टर हेस हा शास्त्रज्ञ बलूनमधून वर गेला, तेव्हापासून हे किरण आपल्याला माहीत आहेत. पण ते नेमके कुठून निघतात, हा प्रश्न शंभर वर्षं पुरलाय. प्रोटॉनला विद्युतभार असतो. वाटेतली चुंबकीय क्षेत्रं त्याला इकडेतिकडे वळवतात, त्यामुळे तो ज्या दिशेनं पोचला तिकडंच त्याचं घर असेल असं नाही. न्यूट्रिनोला विद्युतभारच नाही. तो जिथून निघाला तिथून सरळ येतो.

अडचण एकच, तो थांबत नाही. सूर्याकडून येणारे सुमारे 6 हजार 500 कोटी न्यूट्रिनो दर सेकंदाला तुमच्या अंगठ्याच्या नखातून निघून जातात. दिवसा वरून येतात, आणि रात्री पृथ्वी ओलांडून पायाखालून. त्यातला एखादा अडवायचा तर दोन गोष्टी लागतात: समोर भरपूर पदार्थ, आणि म्युऑनच्या गर्दीपासून सुटका. त्यासाठी खोल जावं लागतं.

आणि इथं आपल्या कर्नाटकाचं नाव घ्यायलाच हवं. बेंगळुरूच्या पलीकडे कोलार गोल्ड फील्ड्स. मुंबईच्या टीआयएफआरचे, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ त्या सोन्याच्या खाणीत वेगवेगळ्या खोलीवर म्युऑन मोजत होते. सगळ्यात खालच्या पातळीवर दोन महिने यंत्र चालवलं, तरी एकही म्युऑन मिळाला नाही. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, प्रयोग वाया गेला. पण त्यांनी ओळखलं, की न्यूट्रिनो पकडायला हीच जागा! मग मेनन, श्रीकांतन आणि जपान व इंग्लंडमधले त्यांचे सहकारी सुमारे 2.3 किलोमीटर खोलीवर उपकरणं घेऊन बसले. 1965 मध्ये वातावरणात तयार झालेल्या न्यूट्रिनोंच्या खुणा त्यांना मिळाल्या. जगात अशा पहिल्या नोंदी त्या वर्षी दोनच ठिकाणी झाल्या, दक्षिण आफ्रिकेत आणि आपल्या कोलारला. आपल्याच राज्यातली ही गोष्ट शाळेत मोठ्यानं सांगावी अशी आहे, असं मला मनापासून वाटतं.

पण अब्जावधी प्रकाशवर्षांवरून येणारे न्यूट्रिनो इतके विरळ, की खाणीतली खोली पुरत नाही. एक घन किलोमीटर पदार्थ लागतो, आणि तोही पारदर्शक, कारण न्यूट्रिनो आदळला की पडणारा मंद प्रकाश टिपायचा असतो. एवढा पदार्थ तयार कोण करणार? दक्षिण ध्रुवावर तो आयता आहे, जवळपास 2.8 किलोमीटर जाडीचा बर्फ.

पहिला प्रयत्न 1990 च्या दशकातला, अमांडा नावाचा. 800 ते 1000 मीटर खोलीवर उपकरणं सोडली, तर तिथं हवेचे बुडबुडे. प्रकाश सगळीकडे विखुरला जायचा. आणखी खाली गेल्यावर वरच्या बर्फाच्या दाबानं हे बुडबुडेच नाहीसे होतात, आणि बर्फ असा स्वच्छ होतो की प्रकाश शंभर मीटरहून लांब जातो. म्हणून पुढच्या आइसक्यूबची उपकरणं 1450 मीटरपासून सुरू होतात आणि 2450 मीटरला संपतात.

आता भोकं कशी पाडली ते ऐका. आपल्याकडे बोअरची गाडी येते, हातोडा खडक फोडत जातो, आणि आपण फुटात हिशेब करतो. त्या हिशेबानं तिथं प्रत्येक बोअर 8 हजार फुटांची! पण फोडायचं काही नाही, वरून दाबानं गरम पाणी सोडायचं आणि बर्फ वितळवत खाली जायचं. भोक पाण्यानं भरलेलं असतानाच तारेला ओवलेले काचेचे गोळे आत सोडायचे. नंतर पाणी गोठतं, आणि गोळे कायमचे आत. बिघडला म्हणून वर काढता येत नाही. अशा 86 तारा, 5 हजार 160 गोळे. काम डिसेंबर 2010 मध्ये पूर्ण झालं.

प्रत्येक गोळ्यात अगदी मंद प्रकाश टिपणारी फोटोमल्टिप्लायर नळी असते. न्यूट्रिनो स्वतः दिसत नाहीच. तो बर्फातल्या अणुकेंद्रावर आदळला तर म्युऑनसारखा विद्युतभारित कण निघतो. बर्फात प्रकाशाचा वेग कमी होतो आणि हा कण त्याहून जोरात धावतो, म्हणून निळसर प्रकाश पडतो. त्याला चेरेंकॉव्ह प्रकाश म्हणतात. कुठल्या गोळ्यावर तो किती अब्जांश सेकंद आधी पोचला, यावरून कणाची दिशा काढतात.

इतक्या खोलवरही वरून सेकंदाला दोन-तीन हजार म्युऑन पोचतातच. न्यूट्रिनो साधारण दहा लाखांत एक! मग निवडायचा कसा? खालून येणारा कण बघायचा. म्युऑन अख्खी पृथ्वी ओलांडू शकत नाही, न्यूट्रिनो ओलांडतो. म्हणजे ध्रुवावरच्या या दुर्बिणीला सगळ्यात स्वच्छ दिसतं ते उत्तरेचं आकाश. बेळगाव, खानापूर, निपाणीत ऐन डोक्यावर येणारा प्रत्येक तारा ध्रुवावर क्षितिजाखाली असतो, आणि तिकडून येणारे म्युऑन पृथ्वीच गाळून टाकते.

2017 चा तो कण असाच जमिनीतून हजार किलोमीटरहून जास्त वाट काढत आला. मिनिटाच्या आत जगभरच्या दुर्बिणींना सूचना गेली. फर्मी उपग्रहाला त्याच जागी एक दीर्घिका गॅमा किरणांत उजळलेली दिसली. तिच्या केंद्रातल्या महाकाय कृष्णविवरातून निघणारा झोत थेट आपल्याकडे रोखलेला आहे. 2022 मध्ये तिमिंगल तारकासमूहातल्या एनजीसी 1068 या दीर्घिकेकडून आलेले सुमारे 79 न्यूट्रिनो जाहीर झाले. ते जमायला नऊ-दहा वर्षं लागली.

दक्षिणेचं आकाश मात्र अवघड राहिलं, आणि आपल्या आकाशगंगेचं केंद्र नेमकं तिकडेच. तिच्या पट्ट्यातून येणारे न्यूट्रिनो वेगळे काढायला 2023 उजाडलं, तेही संगणकाला कणांच्या प्रकाशाचे आकार ओळखायला शिकवून. ती पद्धत पुढच्या भागात. प्रश्न खाली लिहा, मराठीत लिहा, कन्नडमध्ये लिहा, दोन्हींची उत्तरं देईन.